उभी गाडी, बसून खाणारे

निवडणूक पुढं ढकलली की पक्षांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते इच्छुकाच्या गाडीचं. महाराष्ट्रातल्या नगरपालिकांच्या निवडणुका 2022 पासून लोंबकळत राहिल्या. आरक्षणाचा वाद कोर्टात, नगराध्यक्षांच्या खुर्चीवर प्रशासक, आणि इच्छुक पारावर. शेवटी 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, चार महिन्यांत निवडणुका घ्या. हे चार महिने 2 डिसेंबरपर्यंत पुरले.

या सगळ्या काळात सोनपेठच्या एका गल्लीत लिंबाखाली अशाच एका इच्छुकाची, आमच्या भाऊंची, पांढरी गाडी उभी होती. प्रचारासाठी म्हणून हप्त्यावर घेतलेली. परळीला वैजनाथाच्या दारात पूजा झाली, चारही चाकांखाली लिंबं चिरडली, आणि गाडी गल्लीत येऊन जी उभी राहिली ती राहिलीच. प्रचारच नाही तर फिरवायची कुठं? डिझेल काय फुकट मिळतं? पण गाडी रिकामी उभी ठेवणं भाऊंच्या शोभेला धरून नव्हतं. मग डिकीत अ‍ॅम्प्लिफायर आला, दोन मोठे स्पीकर आले, सीटखाली निळे दिवे आले, काचेला कॅमेरा चिकटला. ड्रायव्हर रात्री गाडी पाहुण्यांच्या लग्नाला नेतो असा वहिम होता, म्हणून जीपीएसही बसला. लाल दिव्याची हौस तेवढी राहून गेली; 1 मे 2017 पासून तो मंत्र्यांच्याच गाडीवरून उतरलाय, तिथं इच्छुकाचं काय घेऊन बसलात!

झालं असं की गाडी दर चौथ्या दिवशी चालू व्हायला नकार देऊ लागली. बटण दाबलं की आतून ‘खट् खट् खट्’, समोरचे काटे एकदा थरथरून खाली, घड्याळात बारा. बॅटरी उतरलेली.

आपल्याकडं आजाऱ्याला डॉक्टर मिळायला वेळ लागतो, गाडीला लागत नाही. पहिला म्हणाला, दुकानदारानं डुप्लिकेट माल दिला. दुसरा म्हणाला, ऊन. (यात थोडं तथ्य आहे. मराठवाड्याच्या मे महिन्यात बॅटरीचं आयुष्य खरंच झपाट्यानं घटतं. पण हे सगळं श्रावणात चाललेलं.) तिसऱ्यानं विरोधी गटाकडं बोट दाखवून बॉनेटला लिंबू-मिरची बांधली. कोणी मीटर मागितला नाही, नवी बॅटरी मात्र सगळ्यांनी एकमुखानं मंजूर केली. गल्लीतली ती पहिली बिनविरोध निवड. नवी बॅटरी आली, हळदीकुंकू झालं, आणि चौथ्या दिवशी पुन्हा खट् खट् खट्.

आता उरला धक्का. 1912 साली चार्ल्स केटरिंगच्या विजेच्या स्टार्टरनं कॅडिलॅक सुरू होऊ लागली, त्याआधी लोक पुढं वाकून हँडल मारायचे. हँडलात एक सोय होती, गाडी चालू झाली नाही तर दोष मनगटाला देता यायचा. धक्क्यात तीही सोय नाही. भाऊंचे कार्यकर्ते सगळे लागले मागं आणि गाडी चौकापर्यंत नेली, पण इंजिन काही बोलेना. बोलणार कसं? भाऊंनी हौसेनं ऑटोमॅटिक घेतलेली. साध्या गाडीत दुसरा गिअर टाकून क्लच सोडला की चाकं इंजिनाला फिरवतात. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद असलं की चाकांचा जोर तिथवर पोचतच नाही. फोटो मात्र झकास आला. खाली ओळ होती : ‘भाऊंच्या पाठीशी अवघं सोनपेठ.’ पाठीशी होतंच, खोटं कसं म्हणावं.

यंत्र जागेवर, माणसं जागेवर, आणि आत काहीतरी आटलेलं, हा प्रकार आमच्या तालुक्याला नवा नाही. खडक्याचा बंधारा आमच्याच हद्दीत. त्याचं पाणी परळीच्या औष्णिक वीजकेंद्राला जातं. 2015 च्या दुष्काळात बंधारा आटला आणि एवढं मोठं केंद्र बंद ठेवावं लागलं. निदान तेव्हा कोणी नवं केंद्र विकत आणा असं सुचवलं नव्हतं.

शेवटी परळी रस्त्यावरचा वायरमन आला. पोरगा अबोल, खिशात दोनशे-तीनशे रुपयांचा मीटर. त्यानं आधी बॅटरी चार्ज करून आणली, ठेवून दिली, मग मोजली : 12.6 व्होल्ट. गाडी चालू करून पुन्हा मोजली : 14.2. म्हणजे बॅटरी ठणठणीत आणि अल्टरनेटरही भरतोय. “आता गळती बगू,” म्हणाला. गाडी बंद केली, काळी क्लिप काढली, क्लिप आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर लावला. दार उघडं ठेवून कुलपाच्या खोबणीत स्क्रूड्रायव्हरनं खटका पाडला, म्हणजे गाडीला वाटावं दार लागलंय. ही युक्ती बघून दोन कार्यकर्ते एकमेकांकडं बघायला लागले. मतदान केंद्रावर कुठं उपयोगी पडेल का, असा काहीसा भाव होता.

“आता अर्धा तास कोणी हात लावू नका. गाडी झोपली पायजे.”

इथंच सगळं अडलं. हल्लीच्या गाडीत पाचपन्नास छोटे संगणक असतात. किल्ली काढली तरी ते लगेच निजत नाहीत, वीस-तीस मिनिटं चुळबुळतात. ते शांत झाल्यावर जी वीज जाते तीच खरी गळती. पण सोनपेठात अर्धा तास एखाद्या गाडीला हात न लावता माणसं उभी राहतील? एकानं तंबाखूची पुडी काढायला मागचं दार उघडलं. गाडी जागी. पुन्हा अर्धा तास. मग भाऊ किल्ली बोटाभोवती फिरवत बॉनेटजवळ आले. बिनकिल्लीची गाडी ती, मालक जवळ आला म्हणून पुन्हा जागी. तिसऱ्या वेळी भाऊ म्हणाले, “एवढ्यात एकदा स्टार्टर मारून बघू का?” वायरमन आयुष्यात पहिल्यांदा ओरडला असेल. मीटरची ताकद दहा अँपिअरची, स्टार्टर खेचतो दीडशे-दोनशे.

किल्ली घरात पाठवली, भाऊंना चहाला पाठवलं, तेव्हा कुठं आकडा ठरला. 0.6 अँपिअर. निरोगी गाडी 0.05 च्या आत असते. हिशेब करायला वकील लागत नाही : 0.6 म्हणजे दिवसाला साडेचौदाच्या आसपास अँपिअर-तास, आणि बॅटरी साठची. चौथा दिवस उजाडतो तेव्हा ‘खट् खट्’ करण्यापुरतीच उरते.

मग एकेक फ्यूज काढून बघणं सुरू झालं. जीपीएसचा काढला, आकडा किंचित हलला. कॅमेऱ्याचा काढला, आणखी जरासा. निळ्या दिव्यांचा काढला, तेवढाच. प्रत्येकाचं म्हणणं एकच, मी तर चिमूटभर घेतो. पण सगळे फ्यूज काढले तरी अर्ध्या अँपिअरच्या खाली काटा येईना. पोरानं पायपुसणं उचललं. खाली बोटाएवढी लाल वायर. बॅटरीवरून निघालेली, फ्यूजच्या डबीला वळसा घालून, चटईखालून थेट डिकीत. अ‍ॅम्प्लिफायर! त्याला ‘आता जागा हो’ सांगणारी बारीक वायर किल्लीच्या सप्लायवर हवी होती, ती कायमच्या सप्लायवर जोडलेली. म्हणजे गाणं वाजो न वाजो, तो रात्रंदिवस ताठ बसून खात होता. वायर सोडवली, आकडा 0.03.

“गाडी उभी हाय भाऊ, पन बसून खानारं ह्ये बगा. बारकी वायर किल्लीवर घेतो. पाच मिंटाचं काम.”

भाऊंनी विचारलं, “मग किल्ली काढल्यावर गाणं वाजंल का?”

“नाय वाजनार.”

सभा शांत झाली. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर डेक वाजतो आणि भाऊंची गाडी मुकी उभी राहणार? उभ्या गाडीतून गाणं वाजावं यासाठीच तर किल्लीला वळसा दिला होता. गळती कुठं आहे हे कळल्यावर ती बंद करायची की नाही, यावर गल्लीत दोन तट पडले. सोडवलेली वायर भाऊंच्या देखत पुन्हा जागेवर गेली, शिवाय काळी टेप गुंडाळून, की पुन्हा कोणी चुकून काढू नये. वायरमनला चहा पाजला. त्याच्या अहवालाचं स्वागत करून तो फाईलला लावला असं सरकारी भाषेत म्हणता येईल.

तोडगा निघाला तो असा, की डिकीत दुसरी बॅटरी बसवायची, पहिलीला जोडून. वायरमन म्हणाला, दोन्ही जोडीनं उतरतील. उतरल्याच. फक्त आता गाडी चौथ्याऐवजी आठव्या दिवशी बंद पडते. क्षमतेत शंभर टक्के वाढ. हा आकडा भाऊंच्या कार्यअहवालात पहिल्याच पानावर आहे, रंगीत.