गॅरेजवरचे काका

प्रत्येक गॅरेजला एक मिस्त्री, दोन पोरं आणि एक काका असतात. काकांच्या नावावर गाडी नसते; सायकलची उतरलेली चेनसुद्धा त्यांनी आयुष्यात कधी स्वतः बसवलेली नसते. पण बॉनेट उघडल्याचा आवाज आला की काका हजर.

परवा नारायणगावहून कल्याणला टोमॅटो नेणारी एक जुनी डिझेल पिकअप आली. ‘‘परतीला माळशेज घाट चढताना दम टाकते,’’ ड्रायव्हर म्हणाला, ‘‘मागे काळा धूर. पिकअप आहे, पण पिकअपच घेत नाही.’’

काकांनी डोळे मिटले, मडगार्डवर हात ठेवला आणि वैद्यानं नाडी बघावी तसं इंजिन ऐकलं. ‘‘टर्बो गेला.’’ टर्बो ठणठणीत निघाला. ‘‘मग डिझेलात भेसळ.’’ फिल्टर स्वच्छ. ‘‘मग तुझा पाय जड आहे.’’ ड्रायव्हरनं खाली वाकून स्वतःच्या चपलेकडे पाहिलं.

तोवर मिस्त्रीनं ईजीआर व्हॉल्व्ह खोलून हातात घेतला होता. हा व्हॉल्व्ह बाहेर निघालेला थोडा धूर परत इंजिनाला पाजतो; त्यानं आतली आग जरा मवाळ होते आणि नायट्रोजनचे विषारी वायू कमी निघतात. पण काजळीत तेलाची वाफ मिसळली की त्याच्या घशात डांबर बसतं. मग झडप मिटत नाही आणि ऐन चढावर, हवा हवी तेव्हा, इंजिन आपलाच धूर गिळत बसतं.

‘‘पत्रा मारून बंदच कर ना,’’ काका म्हणाले. हा सल्ला कुठल्याही गॅरेजवर फुकट मिळतो. विष मागच्या स्कूटरवाल्याच्या नाकात जातं, एवढंच.

मिस्त्रीनं व्हॉल्व्ह पुढे केला. ‘‘काका, वरचा पडदा फाटलाय का बघायचंय. माझ्या तोंडात तंबाखू आहे. तुम्ही या नळीतून हवा ओढा आणि तोंडाशी जीभ लावून धरा.’’

काकांनी धोतराच्या सोग्यानं नळी पुसली, हवा ओढली, जीभ लावली. जीभ चिकटली, म्हणजे पडदा शाबूत. झडपही उचललेली राहिली. मिस्त्री तिच्याखालची खपली सावकाश खरवडू लागला. ‘‘सोडू नका हं.’’

गॅरेजात एवढी शांतता कधी झाली नव्हती. पोरांनी पाने खाली ठेवले. कोपऱ्यात रेडिओ लागलेला असतो, हे ड्रायव्हरला प्रथमच कळलं.

शेवटी ‘पच्’ करून जीभ सुटली.

‘‘टर्बोच,’’ काका म्हणाले.