अण्णांची नोकरी

कोकणात रोजगार नाही, ही ओरड आता पुरे. 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेतले अण्णा नाईक २०१६ साली वारले, २०१९ला पूर्वकथेसाठी जिवंत होऊन पुन्हा रुजू झाले आणि २०२१ला रीतसर भूत होऊन परतले. तेही मुंबई न गाठता, सावंतवाडीजवळच्या आकेरीत राहून! होतकरू तरुणांनी हाच कित्ता गिरवावा. अट एकच, आधी मरावं लागतं. शासनानेही वाडीवाडीत एकेक पछाडलेला वाडा मंजूर करावा. सातबाऱ्यावर भुताचं नाव चढलं की भाऊबंदकी आपोआप मिटेल.

परवा गावी मालिका ऐन रंगात असताना वीज गेली. खळ्यात मिट्ट काळोख, वर माडांची सळसळ. आजीने कूस बदलली. "भूत काय, रोज येता रे. वायरमन दिसलो तर माका उठव."