पेटवणारे फार, घासणारं कोण?

अमेरिकेतल्या मराठी पुरुषाचा स्वयंपाकात प्रवेश मागच्या दाराने होतो. आतल्या शेगडीवर दूध उतू चाललं, तर तो बसल्या जागेवरून ‘अगं, दूध!’ एवढं पुकारून आपलं कर्तव्य संपवतो. तोच माणूस मे महिन्याच्या अखेरीस मेमोरियल डे आला, की एप्रन बांधून डेकवर उभा राहतो. कारण डेकवर गॅसचं ग्रिल असतं. चार बर्नर, झाकणावर तापमानाचा काटा, खाली दाराआड सिलिंडर. शेगडीच ती, पण उघड्यावर, चाकांवर आणि महाग असल्यामुळे तिला यंत्राचा दर्जा मिळालाय. आणि यंत्र म्हटलं, की आमच्या न्यू जर्सीतल्या इंजिनियर मंडळींना राहवत नाही.

ग्रिल पेटवायच्या वेळी आमच्या डेकवर जेवढा कोरम होतो, तेवढा महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक सभेलाही होत नाही. एक जण वाऱ्याची दिशा सांगतो, दुसरा कुठला बर्नर आधी ते ठरवतो, तिसरा टेक्सासच्या लोकांचं उदाहरण देतो. मग पनीर, कणसं, भरताची वांगी असं सगळं भाजून होतं, वाहवा होते, गाड्या निघतात. दुसऱ्या दिवशी ग्रिल घासायचं असतं, तेव्हा डेकवर एक खार असते आणि मी.

न घासण्यामागे नवऱ्याचं तत्त्वज्ञान आहे. ‘बिडाचा तवा कसा मुरतो, तसं ग्रिल मुरतं. घासलंस तर चव जाईल.’ युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण बिडाच्या तव्याखाली तेलाने भरलेला ट्रे नसतो. ग्रिलखाली असतो. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही संस्था आगींचा हिशेब ठेवते. तिच्या म्हणण्याप्रमाणे अमेरिकेत ग्रिलमुळे घराघरांत लागणाऱ्या आगी वर्षाला दहा हजारांच्या घरात जातात, सगळ्यात जास्त जुलैत, आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे ग्रिल वेळच्या वेळी साफ न करणं. हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘आपण शाकाहारी आहोत.’ जणू टिक्क्याला चोपडलेलं तेल धर्म बघून पेट घेतं.

यंदा सासूबाई मालवणहून सहा महिन्यांसाठी आल्या आणि या मुरलेल्या चवीचे दिवस भरले. त्यांनी झाकण उघडलं. आतून काळे पापुद्रे सुटत होते. ‘रंग निघतोय, वॉरंटीत बसेल,’ म्हणून नवरा फोटो काढायला लागला. सासूबाईंनी एक पापुद्रा चिमटीत धरला, चोळला, नाकाशी नेला.

‘रंग कसला मेला! तेल आहे, करपलेलं.’

आणि ते खरं होतं. बऱ्याच ग्रिलच्या झाकणाला आतून रंग नसतोच. धूर आणि तेलाचे थर बसत जातात, वाळतात आणि रंगासारखे सोलून पडतात. कंपनीने वॉरंटीखाली घासून द्यावं, अशी सोय अजून निघालेली नाही.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. ग्रिल पूर्ण गार, सिलिंडर बंद आणि सुटा. आधी वरच्या जाळ्या काढल्या, मग बर्नरवरचे पत्र्याचे त्रिकोणी ढापे. भिंतीला लांबी भरायची प्लास्टिकची पट्टी घेऊन कडेचं सगळं खाली खरवडलं आणि शेवटी तळाचा ट्रे ओढला. तो सहजासहजी आला नाही. आला तेव्हा त्यात मागच्या सगळ्या मेजवान्यांचा ताळेबंद होता: बोटभर जाडीचा काळा चकचकीत थर, त्यात रुतलेले मक्याचे दाणे, कोळसा झालेला पनीरचा तुकडा, आणि मागच्या उन्हाळ्यात नाहीशी झालेली माझी स्टीलची छोटी वाटी. ती वाटी खारीने नेली, असं मला वर्षभर सांगण्यात आलं होतं.

जाळीसाठी नवऱ्याने तारेचा ब्रश आणून दिला. एवढं एक हत्यार तो हौसेने विकत घेतो. पण या ब्रशची तार तुटते, जाळीला चिकटते, तिथून कणसावर आणि कणसावरून घशात जाते. २०१२ साली सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने असे रुग्ण नोंदवले, एकाच रुग्णालयातले. काहींच्या घशात तार रुतलेली, काहींच्या आतड्याला भोक पडलेलं. मी ब्रश बाजूला ठेवला आणि घासणी शोधू लागले, तेवढ्यात सासूबाईंनी कांदा मागितला. अर्धा कापून काट्याला टोचला, जाळ्या परत बसवून, सिलिंडर जोडून ग्रिल तापवायला लावलं आणि कापलेल्या बाजूने जाळी चोळत गेल्या. चर्र आवाज, वाफ, आणि खालचं लोखंड दिसायला लागलं. घावण्यांचा तवा कोकणात असाच साफ होतो. नवऱ्याने हे तंत्र यूट्यूबवर एका टोपीवाल्या अमेरिकन माणसाकडून आधीच पाहिलेलं होतं आणि त्याला फार मानलेलंही होतं. आईचे घावणे मात्र तो चाळीस वर्षं नुसते खात आला.

आता तापवलंच होतं, तर लक्षात आलं, की तीन बर्नर निळे जळतायत आणि चौथा पिवळा, आळसटलेला. पिवळी ज्योत म्हणजे गॅसला हवा पुरत नाही. तोवर जेवायला आलेल्या मंडळींची डेकवर लगेच सभा भरली. रेग्युलेटर गेला, गॅसमध्ये भेसळ आहे, समुद्रसपाटीपासूनची उंची, असे निष्कर्ष आले. ग्रिल परत गार होईपर्यंत सभा चालली. मग मी सिलिंडर पुन्हा सुटा केला आणि पेचकस घेऊन बर्नर सोडवला. त्याच्या तोंडाशी, जिथे गॅस आणि हवा मिसळते, तिथे पांढरं रेशमी जाळं होतं आणि जाळ्यात मालक बसलेला होता. कोळी.

कोळ्याला गॅसचा वास आवडतो, असं म्हणतात. सभेला पटेना. तेव्हा मी माझ्दाची गोष्ट सांगितली. २०११ साली या कंपनीने अमेरिकेत ५० हजारांहून जास्त ‘माझ्दा ६’ गाड्या परत बोलावल्या, कारण इंधनाच्या टाकीच्या हवेच्या नळीत एक पिवळा कोळी जाळी विणत होता. गाडीचा दाखला दिल्याबरोबर सगळ्यांना एकदम पटलं. बर्नरमधलं जाळं मात्र गंमत नव्हे. वाट तुंबली, की गॅस मागे फिरतो आणि ज्वाळा बटणांपाशी, म्हणजे नेमक्या पोटापाशी निघतात. नळीत लवचीक ब्रश फिरवला, भोकं मोकळी केली आणि बर्नर परत बसवताना त्याचं तोंड गॅसच्या चोचीवर नीट चढलंय ना, ते वाकून पाहिलं. ते एक चुकलं, तर बाकीची सगळी सफाई फुकट.

नवा सिलिंडर जोडल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘साबणाचं पाणी आण.’ भारतात सिलिंडर आणणारा भाऊसुद्धा तोंडावर पाणी टाकून बुडबुडे बघितल्याशिवाय त्यांच्या घरातून सुटत नाही. सांध्यांवर फेस लावला, बुडबुडा नाही, पास. तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. सिलिंडर बाथरूममधल्या वजनकाट्यावर चढवला. गळ्यावर रिकाम्याचं वजन १७ पौंड कोरलेलं, काटा दाखवतोय ३२.

‘वीसचा सिलिंडर ना? मग पाच पौंड गॅस कोणी खाल्ला?’

कोणीच नाही. अदलाबदलीच्या सिलिंडरमध्ये बहुतेक ठिकाणी १५ पौंडच भरतात आणि तसं वेष्टनावर बारीक अक्षरांत छापतातही. इतकी वर्षं वेष्टन फाडून फेकणाऱ्या सभेने ते पहिल्यांदा वाचलं.

पेटवताना झाकण उघडं ठेवायचं, हा नियम सासूबाईंना सांगावा लागला नाही. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, उडून जात नाही, पेटीत साठतो. झाकण लावून ठिणगी पाडली तर आधी भुवया जातात. सिलिंडरचं चाक सावकाश फिरवायचं, हे मात्र नवऱ्याला सांगावं लागलं. त्याने बर्नरची बटणं आधी उघडून चाक झटक्यात फिरवलं. जोडणीतल्या सुरक्षेच्या झडपेला वाटलं, नळीच तुटली. तिने गॅस आवळून धरला आणि चारही ज्योती मिणमिणत्या झाल्या. ‘बिघडलं!’ म्हणून सभा नवीन ग्रिलच्या किमती शोधायला लागली. सगळं बंद केलं, थोडं थांबून आधी चाक हळू उघडलं, मग बटण. ज्योत ताठ उभी राहिली.

त्या संध्याकाळी वांगी अशी भाजली, की भरताला मुरलेल्या चवीची आठवणही आली नाही. जेवणं झाल्यावर सासूबाईंनी चिमटा ताब्यात घेतला आणि निकाल दिला, ‘पुढच्या वेळेपासून जो पेटवील, त्याने दुसऱ्या दिवशी घासायचं. ट्रेसकट.’

लहान मुलांना पेटत्या ग्रिलपासून तीन फूट लांब ठेवावं, असा अमेरिकेत नियमच सांगतात. आमच्याकडे आता मोठी माणसं आपण होऊन दहा फुटांवर उभी राहतात.