गाळणीचे माप आणि मालकाची ऐपत

लोणावळ्याच्या परिसरात बंगला बांधणाऱ्या गृहस्थास अलीकडे तुळशीवृंदावनावाचून एक वेळ चालते, परंतु निळ्या फरशीच्या तरणतलावावाचून त्याची प्रतिष्ठा सिद्ध होत नाही. आणि फरशी, पाण्याखालचे रंगीत दिवे व कृत्रिम धबधबा यांवर मुक्तहस्ते खर्च झाल्यावर, गाळणीचा विषय निघताच मात्र त्याच्या ठायीचा काटकसरीचा सद्गुण अकस्मात जागृत होतो. वस्तुतः हिशेब तलाठ्याच्या दफ्तरात शोभेल इतका सरळ आहे: ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद व सरासरी १.४ मीटर खोल हौदात सुमारे ४५,००० लिटर पाणी मावते. ते सहा तासांत एकवार गाळून काढावयाचे, तर ताशी ७,५०० लिटरांचा प्रवाह हवा, आणि तो वाळूच्या थरातून ताशी ३० मीटरच्या संथ गतीने उतरावा, यासाठी टाकीचा व्यास २२ इंचांच्या आसपास असावा लागतो. यजमान १६ इंची टाकी पसंत करतात, तिला २ अश्वशक्तीचा पंप जोडतात आणि स्वतःच्या मुत्सद्देगिरीवर खूष होतात. मग लाचखाऊ नाक्यावरून माल सुटावा तसे पाणी वाळूला न जुमानता गाळासकट तलावात परत दाखल होते. हिरवट छटा दिसू लागली, की दोष प्रथम क्लोरीनकडे, मग माळ्याकडे आणि अखेरीस सह्याद्रीच्या पावसाकडे जातो. (दाबमापकाचा काटा केव्हाचा तक्रार करीत असतो, पण तो पंपघरात, आणि पाहुण्यांना पंपघर दाखविण्याची आपल्याकडे चाल नाही.) शेवटी बरीच मसलत होऊन ३ अश्वशक्तीचा पंप मागविण्याचा हुकूम सुटतो.