फोर-केवाले काका

लग्नाच्या शूटिंगचं खातं ज्यांच्याकडे आपोआप चालत येतं, असे एक काका बहुतेक घरांत असतात. हॉल आणि केटररच्या बाबतीत ते पडतं घेतील. शूटिंगवाल्यापुढे मात्र एकच धोशा. "फोर-केच पाहिजे. फुल एचडी तर बंटीच्या मुंजीतसुद्धा होतं." आणि त्याच दमात खिशातून 8 जीबीचा पेनड्राइव्ह काढून, "सगळं यातच बसवा हं!" आता फुल एचडीच्या एका चित्रात ठिपके असतात सुमारे 21 लाख, फोर-केत 83 लाख. तीन तासांचं लग्न 8 जीबीत कोंबलं, तर सेकंदाच्या वाट्याला 6 मेगाबिटही येत नाहीत. यूट्यूब फुल एचडीच्या साध्या अपलोडसाठीच 8 सुचवतं, फोर-केसाठी 35 ते 45. म्हणजे डाळ तेवढीच ठेवून चौपट पंगतीची आमटी करायची. गुरुजी अंतरपाट धरून स्तब्ध उभे असेपर्यंत हे खपून जातं, कारण जे हललं नाही ते, चित्र दाबून फाइलीत बसवणारा एन्कोडर पुन्हा लिहीत बसत नाही. पण अक्षता उडाल्या की प्रत्येक दाण्याची दिशा वेगळी. सगळे बिट त्यांच्यामागे धावतात, आणि नवरीच्या चेहऱ्याच्या चौकटी होतात.

काकांची बाजू अगदीच लंगडी नाही. ठिपके चौपट झाले म्हणून बिटही चौपट लागतात असं नाही. शेजारशेजारचे ठिपके बरेचसे सारखेच असतात. चित्र दाबून बसवण्याची 2013 साली आलेली एच.265 ही पद्धत 2003 च्या एच.264 पेक्षा साधारण निम्म्या बिटांत तेवढंच चित्र देते. फोर-के चढवलं तर यूट्यूबही बिट सढळ हाताने देतं. सगळं कबूल. पण निम्म्याचा हिशेब लावला तरी काकांचे 6 फार तर 12 च्या तोलाचे होतात, आणि यूट्यूबची उदारता पेनड्राइव्हवर उतरत नाही. त्याच पेनड्राइव्हवर फुल एचडी सुरेख दिसलं असतं, किंवा 32 जीबीचा घेतला असता तर फोर-केचीही अब्रू राहिली असती. चार पैशांसाठी अडणारे काका हे नव्हेत. मेख अशी की फोर-के हे खोक्यावर छापलेलं असतं, बिटरेट, म्हणजे सेकंदाच्या वाट्याचे बिट, कुठेच नाही. आणि जे छापलेलं नाही त्यावर घासाघीस करायची कशी? शूटिंगवालाही वाद घालत नाही. 3840 बाय 2160 ची फाइल काढून देतो आणि उरलेले पैसे मोजून घेतो.

मग पाहुण्यांना टीव्हीपुढे बसवून काका आधी रिमोटचं बटण दाबतात आणि कोपऱ्यातला तो आकडा वाचून दाखवतात. मंगलाष्टकं संपतात, अक्षतांच्या माऱ्यात नवरा-नवरी विरघळतात, आणि काका निदान करतात, "कॅमेराच हलका होता त्याचा."