ताईंना एका हितचिंतकाचं अनावृत पत्र

ताई,


चौकात तुमचं पत्रक हातात पडलं. अपक्ष, निशाणी प्रेशर कुकर. अहो, काय कमी होतं तुम्हाला? नळाला पाणी नाही, गल्ली तुमच्या दारात. रेशनकार्डावरून सुनेचं नाव गळालं, सासू तुमच्या दारात. एवढा मानमरातब सोडून आमदारकीसारख्या रिकामटेकड्या जागेची हाव कशाला?

शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष झालात तेव्हा आम्ही टाळ्याच वाजवल्या. आरटीई कायद्यानंच त्या समितीत पाऊण हिस्सा पालकांना दिलाय, म्हणजे पालकांनी किती वर चढायचं ते ठरलेलंच आहे. चौथीला शिक्षक नव्हते, तुम्ही आयांना घेऊन रस्त्यावर बसलात, शिक्षक मिळाले. छान झालं. आता तुमच्याच निवडणुकीच्या ड्यूटीला ते गुरुजी गेलेत, चौथीचा वर्ग पुन्हा मोकळा. वीस तारखेला त्याच वर्गात मतदान केंद्र. फळ्यावर पाढे तसेच आहेत म्हणे, सातापर्यंत.

त्या रास्ता रोकोचा गुन्हा अजून कोर्टात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे अशी प्रलंबित प्रकरणं उमेदवारानं तीनदा वर्तमानपत्रात छापून आणायची असतात. तुमची जाहिरात मी चष्मा लावून वाचली : 'बंदी आदेशाचा भंग'. शेजारच्या चौकटीत फसवणुकीची चार प्रकरणं असलेले एक साहेब होते. टाइप दोघांचा सारखाच. आमच्या सौ. म्हणाल्या, ‘एकाच माळेचे मणी दिसतात.’

बरं, तुम्हाला तीन मुलं. धाकटी सप्टेंबर २००१ नंतरची, म्हणून नगरसेवकपदाला तुम्ही कायद्यानं अपात्र. गटार तुंबलं तर बोलायची तुमची पात्रता नाही, राज्याचं अंदाजपत्रक मात्र खुशाल मंजूर करा! या फटीतून आत शिरायची युक्ती तुम्हाला सुचली, याचं मला कौतुक वाटतं आणि काळजीही.

पैशाचं विचारू नये, पण प्रतिज्ञापत्र कुणीही वाचू शकतं, मी वाचलं. मंगळसूत्र, स्कूटर, भिशीतले पैसे. खर्चाची मर्यादा ४० लाख आहे हो! उमेदवारानं हद्द ओलांडू नये म्हणून निवडणूक आयोगानं निरीक्षक धाडलेत आणि त्या बिचाऱ्यांना तुमच्या वहीत तपासायला मिळतं काय, तर रिक्षाभाडं, झेरॉक्स आणि कटिंग चहा. अनामत दहा हजारांची. झालेल्या वैध मतांच्या एक षष्ठांशाच्या वर गेला नाहीत तर तीही जप्त. २०२४च्या या निवडणुकीत २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार, त्यातले २,०८६ अपक्ष. २०१९ मध्ये अपक्ष निवडून आले तेरा. त्या तेरांपैकी किती जणांनी शाळेसाठी रास्ता रोको केला होता, ते तुम्हीच शोधा. माहितीचा अधिकार तुम्हाला छान वापरता येतो.

माझ्या मताचं म्हणाल तर ते यंदाही साहेबांनाच. गैरसमज नको. सोसायटीला पेव्हर ब्लॉक त्यांनी दिलेत, आणि काम पडलं तर तुम्ही आहातच. कामाच्या माणसाला निवडून मुंबईला पाठवलं तर इथली कामं कुणी करायची?

तूर्तास एक छोटंसं काम होतं. आमच्या गल्लीतली पाइपलाइन परवापासून फुटलीय. साहेबांच्या कार्यालयात फोन केला, तर तिथल्या मुलानं तुमचा नंबर दिला. प्रचारातून सवड काढून अर्ज तेवढा टाका. सही करायला मी येतो.

तुमचा हितचिंतक,
एक जागरूक मतदार