सर्वशक्तिमानाने हरावे कसे

डंजन मास्टर होऊ इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम एक खंड निर्माण करावा. त्यात निदान तीन राज्ये, दोन मृत भाषा, एक शापित राजघराणे आणि त्या घराण्याची नऊ पिढ्यांची वंशावळ असावी. नकाशा हाताने काढावा. नद्या डोंगराकडून समुद्राकडे वाहतील एवढी काळजी घ्यावी, कारण उत्साहाच्या भरात पुष्कळांच्या उलट वाहतात. कोणता राजा कोणाच्या विषाने मेला आणि त्या विषाचा उतारा कोणत्या मठात मिळतो, हे सुवाच्य अक्षरात लिहून फाइल तयार करावी, ती कपाटात ठेवावी आणि कपाटाला कुलूप घालावे. कारण चार मित्र टेबलाभोवती बसले, की त्यांच्यातला पहिला जो प्रश्न विचारेल त्याचे उत्तर त्या फायलीत नसेल. नदीपलीकडे सोडायला एक म्हातारा नावाडी लागतो, म्हणून डंजन मास्टरने तो आणलेला असतो. "त्याचं नाव काय?" "नाव... अं... तोर्विन." "अं का म्हणालास?" "अरे, सहज." "सहज नाही हां. हा म्हातारा काहीतरी लपवतोय. मी होडीच्या फळ्यांखाली बघतो." पुढचे दोन तास शापित राजघराणे राजधानीत ताटकळत बसते आणि मंडळी फळ्या उचकटत असतात.

डंजन्स अँड ड्रॅगन्स ज्यांनी कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढे सांगायला हवे, की यात प्रत्येक खेळाडूचे एकच पात्र असते, कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. आणि उरलेले सगळे जग डंजन मास्टरचे, म्हणजे डीएमचे. राजा तो, राक्षस तो, पाऊस तो, होडीचे भाडेही तोच ठरवणार. समोर काय दिसते ते त्याने सांगायचे, खेळाडूंनी आपण काय करतो ते सांगायचे, आणि जिथे यश-अपयशाचा प्रश्न येईल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. कागदावर पाहिले तर एवढी सत्ता कोणत्याही सम्राटाला मिळाली नसेल. प्रत्यक्षात बैठक संपते तेव्हा त्या सम्राटाने ठरवलेल्या गोष्टींपैकी जवळजवळ काहीच घडलेले नसते. हा डीएमचा नाकर्तेपणा नव्हे, खेळाची घडणच तशी आहे. म्हणून या पदाच्या उमेदवाराने एकच विद्या मन लावून शिकावी: पूर्ण तयारीनिशी, शिस्तीत आणि चेहरा हसरा ठेवून हरणे.

याचा पुरावा खेळाच्या जन्मकथेतच आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या परिसरात, डेव्ह वेस्ली या तरुणाने नेपोलियनच्या काळातला एक युद्धखेळ मांडला. ब्राउनस्टाइन नावाचे काल्पनिक गाव आणि त्यावर डोळा ठेवून असलेल्या दोन फौजा, एवढाच बेत. पण खेळायला माणसे जास्त, म्हणून उरलेल्यांना त्याने गावातल्या एकेकाची भूमिका देऊन टाकली: महापौर, बँकर, विद्यापीठाचा कुलगुरू. झाले! मुकाट्याने आपापल्या पाळीची वाट पाहण्याऐवजी ही मंडळी कोपऱ्यात जाऊन खलबते करू लागली. दोघांनी तर परस्पर द्वंद्वयुद्ध ठरवले, ज्याचा एकही नियम वेस्लीपाशी नव्हता. तो त्याला जागच्या जागी बनवावा लागला. खेळ साफ फसला असेच त्याला वाटले. खेळाडूंना मात्र तसाच आणखी एक हवा होता. पुढे याच मालिकेतला एक खेळ एका काल्पनिक लॅटिन अमेरिकी प्रजासत्ताकात रंगला. त्यात डेव्ह आर्नेसनकडे क्रांतिकारक विद्यार्थ्याची भूमिका होती, काम पत्रके वाटण्याचे. आर्नेसनने सीआयएचे बनावट ओळखपत्र काढून दाखवले, आपण मुळात गुप्तहेरच आहोत हे बाकीच्यांच्या गळी उतरवले आणि देशाचा खजिना ताब्यात घेऊन हेलिकॉप्टरने तो पसार झाला. हाच आर्नेसन पुढे ब्लॅकमूर नावाचे स्वतःचे जग चालवू लागला, आणि विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ साली त्याने डंजन्स अँड ड्रॅगन्स प्रसिद्ध केला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिली छपाई हजार प्रतींची. म्हणजे या खेळाच्या दोन जनकांपैकी एक आधी पत्रके वाटायची सोडून तिजोरी पळवणारा खेळाडू होता. ज्या झाडाचे बी असे, त्याच्या फांद्या सरळ वाढाव्यात ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

यावर एक आक्षेप हमखास येतो: वेस्ली नवखा होता, पंच कडक असता तर खेळाडूंची काय बिशाद होती? कडकपणाची परीक्षाही झालेली आहे, आणि ती खुद्द गायगॅक्सने घेतली. आपल्या तरबेज खेळाडूंचा माज उतरवण्यासाठी त्याने 'टूम ऑफ हॉरर्स' नावाचे थडगे रचले. १९७५ साली ओरिजिन्स या संमेलनात ते खेळवले गेले आणि १९७८ मध्ये छापून आले. त्यात भिंतीवर एक हिरवा सैतानी चेहरा आहे, तोंड आ वासलेले. त्या तोंडात जो शिरतो तो संपतो; फासा नाही, अपील नाही. अशा या थडग्यात रॉब कुंट्झ या खेळाडूचे रॉबिलार हे पात्र उतरले ते ऑर्क्स नावाच्या भाडोत्री राक्षसांना पुढे घालून. सापळ्यांत ऑर्क्स मेले, रॉबिलार शेवटच्या दालनात पोचला, थडग्याच्या धन्याशी लढण्याच्या भानगडीत न पडता त्याने हाताला लागेल तो खजिना गोळा केला आणि काढता पाय घेतला. कडकपणाने खेळाडू सरळ होत नाहीत, फक्त जास्त संशयी होतात. त्या काळच्या सामानाच्या यादीत दहा फुटी काठी आहे. ती जमीन, भिंती आणि दारे लांबून ढोसून पाहण्यासाठी वापरायची. १९७४च्या पुस्तिकेत तिची किंमत एक सोन्याचे नाणे. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत पाच तांब्याची नाणी, म्हणजे एका सुवर्णनाण्याचा विसावा भाग. चाळीस वर्षांत एवढी स्वस्त झालेली वस्तू क्वचितच सापडेल. पण ज्याच्या टेबलावर कडक शासन असते, त्याचे खेळाडू आजही कुलूप नसलेल्या, सापळा नसलेल्या, नुसत्या लोटलेल्या दारासमोर पाऊण तास ही काठी घेऊन उभे असतात.

मग तयारी करूच नये का? करावी, पण घटनांची करू नये. "तिसऱ्या दिवशी सरदार दगा देईल" हे लिहिणे व्यर्थ आहे, कारण दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्या सरदाराला विहिरीत ढकललेले असते. त्याऐवजी सरदाराला काय हवे आहे, तो कोणाला घाबरतो आणि त्याच्यापाशी किती माणसे आहेत, हे तीन ओळींत लिहावे. सरदार विहिरीत पडला तरी त्याची माणसे उरतात, त्यांचा थकलेला पगार उरतो, आणि ज्याला तो घाबरत होता तो माणूस आता मोकळा होतो. ही तयारी खेळाडूंनी उधळली तरी वाया जात नाही, कारण ती पुढे काय घडेल याबद्दल नसून आत्ता काय आहे याबद्दल असते. शिवाय वीस नावांचा एक कागद हाताशी ठेवावा. नावाड्याचे नाव विचारले, की न अडखळता पहिले नाव सांगावे आणि त्यावर काट मारावी. नऊ पिढ्यांच्या वंशावळीने जे साधत नाही ते हा कागद साधतो. वंशावळ लिहिण्यात सुख आहे, हे मान्य. ते सुख एकट्याने जरूर घ्यावे, फक्त त्याला खेळाची तयारी म्हणू नये.

फाशांच्या बाबतीत मात्र डीएमला हरायचे आहे की खेळाडूंना हरवायचे आहे, हे त्याने फासा टाकायला सांगण्याआधीच ठरवलेले असते, आणि बहुधा त्याला त्याचा पत्ता नसतो. चार पात्रे पहारेकऱ्यांच्या नजरेआडून सटकत आहेत, आणि प्रत्येकाला यशाची शक्यता ६० टक्के आहे असे धरू. डीएम म्हणतो, "चौघेही टाका, एक जरी चुकला तरी सापडलात." ऐकायला हे न्याय्य वाटते, पण चौघेही सुटण्याची शक्यता जेमतेम १३ टक्के उरते. म्हणजे पहारेकरी जागे होणार हे जवळजवळ ठरलेलेच, फासे नुसते आवाजापुरते. उलट एखादी खूण शोधताना चौघांपैकी कोणा एकाला दिसली तरी चालेल असे म्हटले, तर तीच शक्यता ९७ टक्क्यांवर जाते. मग टाकायचेच कशाला, सांगून मोकळे व्हावे. पाचव्या आवृत्तीत यावर एक तोड आहे: निम्मे यशस्वी झाले तर सगळा गट यशस्वी. या हिशेबाने शक्यता ८२ टक्के येते, आणि चोरपावलांनी जाण्यात थोडी धाकधूकही राहते. आणि ज्या खुणेवाचून पुढे जाताच येत नाही, ती फाशामागे दडवूच नये. नाही मिळाली तर खेळाडू आणि डीएम दोघेही एकमेकांकडे पाहत बसतात, आणि चिवड्याचे ताट तेवढे रिकामे होते.

आता जरा वजनदार आक्षेप. सगळे खेळाडूंनीच ठरवायचे आणि उरलेले फाशांनी, तर मग डीएम हवाच कशाला, नियमांचे पुस्तक पुरे. या शंकेचे उत्तर खेळाच्या पणजोबांकडे मिळते. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून राइसवित्झचा क्रीगस्पील हा नकाशावरचा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरात होता. त्याला तक्ते होते, फासे होते, बारीकसारीक हिशेब होते, आणि पंच त्यांच्याखाली इतके दबून गेले की १८७६ साली व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने हे ओझे उतरवून ठेवा, अनुभवी पंचाला निकाल देऊ द्या, अशी मांडणी केली. कारण उघड आहे. माणसे काय काय करून बघतील याची यादी कोणत्याही पुस्तकात मावत नाही. मावली असती तर त्या द्वंद्वयुद्धाचा नियम वेस्लीला घाईघाईने बनवावा लागला नसता. पुस्तक फक्त त्याच चाली ओळखते, ज्या लिहिणाऱ्याला सुचल्या होत्या. डीएम हवा तो न सुचलेल्या चालीला उत्तर द्यायला, आणि अशी चाल आली म्हणजे त्याचा बेत आधीच मोडलेला असतो. त्याचे काम त्याच्या पराभवानंतरच सुरू होते.

याचा अर्थ नियम गुंडाळून ठेवावेत असा नाही. प्रत्येक कंपूत नियमांचा एक वकील असतो, त्याचा आदर करावा. जुन्या नियमांत आगीचा गोळा बंदिस्त जागेत फुटला, की त्या जागेच्या आकाराने पसरत असे आणि सुमारे ३३,००० घनफूट व्यापून टाकत असे. दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच बोगद्यात हा हिशेब ३३० फुटांचा होतो, आणि आग पुढे जायला वाट नसेल तर मागे येते, जिथे मांत्रिक आणि त्याचे मित्र कौतुकाने पाहत उभे असतात. वकील हे गणित डीएमच्या आधी करतो. अशा वेळी डीएमने वाद घालू नये, फासे त्याच्याच हातात द्यावेत.

शेवटचा आक्षेप कथेच्या बाजूने येतो, आणि तो मांडणारे सहसा कादंबरी लिहायची राहून गेलेले असतात. त्यांचे म्हणणे असे, की खेळाडूंच्या मर्जीने चालले तर कथेला आकार येत नाही. खलनायक दुसऱ्याच फेरीत मेला तर उत्कर्षबिंदू कुठून आणायचा? म्हणून ते पडद्याआड पडलेला फासा पाहतात, थोडे थांबतात आणि पडला त्याहून वेगळा आकडा सांगतात. एकदा हे खपते. दुसऱ्यांदा खेळाडूंच्या लक्षात येते, की ड्रॅगन केव्हा मरणार हे ड्रॅगनच्या जखमांवर नसून घड्याळावर ठरते, आणि त्या दिवसापासून ते लढायचे सोडून मोबाइल बघू लागतात. खलनायक दुसऱ्या फेरीत मेला, तर मरू द्यावा. त्याचे सावकार अजून जिवंत आहेत. आणि पुढे दहा वर्षे मंडळी जिचे वर्णन करतील ती हीच फेरी असेल. नीट जमवून आणलेला उत्कर्षबिंदू कोणी आठवत नाही.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात. पाच प्रौढ माणसांना एकाच रविवारी मोकळे करणे हे पाच कुंडल्या जुळवण्यासारखे आहे; चारच जुळल्या तरी खेळ सुरू करावा, गैरहजर पात्राला ताप आलेला असतो. खेळ सुरू करण्याआधी एक बैठक नुसती बोलण्यासाठी घ्यावी आणि कोणाला काय नको आहे ते विचारून घ्यावे. कोणाला कोळी नको असतात, कोणाला लहान मुलांचे हाल. त्यावर वाद घालू नये, वगळावे. तळलेले पदार्थ नकाशापासून हातभर लांब ठेवावेत.

बैठक संपताना, मंडळी चपला शोधायला लागण्याआधी, एक प्रश्न न चुकता विचारावा: पुढच्या वेळी कुठे जाणार? तीन राज्ये आहेत, दोन मृत भाषा आहेत, तोर्विनची होडीही आता त्यांच्याच मालकीची आहे. ते एकमेकांकडे बघतील, कुजबुजतील आणि अतिशय ठामपणे सांगतील, "उत्तरेकडे." उत्तर लिहून घ्यावे, त्यावर तारीख घालावी आणि चौघांच्या सह्या घ्याव्यात. मग दोन आठवडे उत्तरेची तयारी करावी, आणि जाता जाता दक्षिणेकडच्या दोन-चार माणसांनाही काय हवे आहे, ते तीन-तीन ओळींत लिहून ठेवावे.